कॅमेरा दुसरीकडेच होता

२३ मे २०२१, मोनॅको, फॉर्म्युला वनची शर्यत. सेबॅस्टियन व्हेटेल टायर बदलून पिटमधून बाहेर आला आणि नेमका पिएर गॅस्ली त्याच्या शेजारी. दोघांच्या गाड्या चाकाला चाक लावून चढाला लागल्या. मोनॅकोचे रस्ते इतके चिंचोळे की तिथं कुणी कुणाला मागं टाकणं ही अपूर्वाईच. पुढच्या वळणावर कोण आधी घुसणार, याचा निकाल दोन-तीन सेकंदांत लागणार होता. आणि पडद्यावर आलं काय, तर लान्स स्ट्रोलनं स्विमिंग पूलजवळ कर्बवरून गाडी कशी उडवली त्याचा रिप्ले! परत लाइव्ह दिसायला लागलं तोवर व्हेटेल पुढे निघून गेला होता.

जगभरच्या चाहत्यांनी त्या दिग्दर्शकाच्या नावानं बोटं मोडली. मीही मोडली, पण माझ्या तक्रारीत थोडी धंद्याची जाण होती. मी पॅनलवर बसतो. पुरस्कार सोहळे, कबड्डीचे सामने, लावणीचे कार्यक्रम, गणपतीची विसर्जन मिरवणूक, जे लाइव्ह दाखवायचं असेल ते. समोर मॉनिटरची भिंत, कानाला टॉकबॅक, आणि तोंडात अखंड जप: टू, टाइट दे. थ्री, स्टँडबाय. टेक. घरात बसलेल्या माणसाला जे दिसतं ते माझ्या बोटानं ठरतं, आणि जे दिसत नाही तेही.

फॉर्म्युला वन हा खेळ कॅमेऱ्यांना सगळ्यांत अवघड. गाडीची चाकं बॉडीच्या बाहेर उघडी, म्हणून या जातीच्या शर्यतींना ओपन-व्हील म्हणतात. चाकाला चाक घासलं तर गाडी हवेत जाऊ शकते. २०२१ मध्ये दहा संघ होते, वीस चालक. जिंकणाऱ्याला २५ गुण, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५, असं करत दहाव्याला १. बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकची एक फेरी सात किलोमीटरची. क्रिकेटमध्ये चेंडू एकच असतो, सगळे कॅमेरे त्याच्या मागे, आणि दोन चेंडूंच्या मधल्या मोकळ्या वेळात रिप्ले आरामात बसतो. शर्यतीत मोकळा वेळ नसतोच. सगळ्या गाड्या ठिकठिकाणी काहीतरी करत असतात. प्रत्येक रिप्ले म्हणजे तेवढ्या सेकंदांचा लाइव्ह खेळ गिळून टाकणं. मोनॅकोच्या त्या माणसाला रिप्लेच्या टेबलावरून कुणीतरी ‘रेडी’ म्हटलं असेल आणि त्यानं तो घेतला असेल. सवयीचा हात आहे तो. पण पिटच्या तोंडाशी दोन गाड्या जवळ येताहेत हे समोरच्या मॉनिटरवर दिसत असताना घेतला, याला मात्र माफी नाही.

शर्यतीचं चित्र जगभर एकच जातं. त्याला वर्ल्ड फीड म्हणतात. लंडन, टोकियो, नाशिक, सगळीकडे तेच कट, तोच रिप्ले. बदलतो तो फक्त समालोचकाचा आवाज. पूर्वी ज्या देशात शर्यत तिथली वाहिनी चित्रीकरण करायची, त्यामुळे घरच्या चालकावर कॅमेऱ्याचं अंमळ जास्तच प्रेम असायचं. मग फॉर्म्युला वननं हळूहळू सगळं काम स्वतःकडे घेतलं. २०२० पासून मुख्य पॅनल ट्रॅकवर नसतोच; तो असतो इंग्लंडमधल्या बिगिन हिल इथं, शर्यत जपानात असो की ब्राझीलमध्ये. मोनॅको तेवढं हट्टानं स्थानिक वाहिनीकडे राहिलं होतं. २०२३ पासून तेही गेलं. व्हेटेल-गॅस्लीच्या त्या हुकलेल्या शॉटचा त्यात किती वाटा होता कोण जाणे, पण तो दिवस फॅन लोक अजून विसरलेले नाहीत.

२०२१ चा हंगाम मुद्दाम काढला, कारण त्यावर आमच्याकडे अजूनही भांडणं होतात. रविवारी संध्याकाळी कोथरूडला एका मित्राच्या हॉलमध्ये आमची सात-आठ जणांची बैठक जमते. माझा पुतण्या मर्सिडीजच्या लुईस हॅमिल्टनचा कट्टर भक्त. यजमान बँकेतून निवृत्त, त्यांचा जीव रेड बुलच्या मॅक्स व्हर्स्टापेनवर. त्या वर्षी विजेतेपदाची झुंज याच दोघांत होती. मी मधला, त्यामुळे दोघांच्याही शिव्या खातो. त्या वर्षाचा हिशेब दोन्ही बाजूंच्या वह्यांत वेगवेगळा मांडलेला आहे. यजमानांच्या वहीत बाकू आहे, जिथं आघाडीवर असताना व्हर्स्टापेनचा टायर फुटला. सिल्व्हरस्टोन आहे, जिथं हॅमिल्टनशी टक्कर होऊन तो ५१ जीच्या दणक्यानं टायरच्या भिंतीवर आदळला आणि हॅमिल्टन दहा सेकंदांची शिक्षा भोगूनही शर्यत जिंकला. हंगेरी आहे, जिथं हॅमिल्टनच्या सहकाऱ्यानं पहिल्याच वळणावर गाड्यांचा चुराडा केला. पुतण्याच्या वहीत एकच पान आहे, अबुधाबी. ते त्याला पुरतं.

माझी वही तिसरीच आहे. त्या वर्षातली निम्मी भांडणं शर्यतीबद्दलची नव्हतीच. कॅमेऱ्यानं काय दाखवलं, काय ऐकवलं आणि काय दाखवलंच नाही, याबद्दलची होती.

ब्राझीलचंच घ्या. १४ नोव्हेंबर, इंटरलागोस, अठ्ठेचाळिसावी फेरी. हॅमिल्टन चौथ्या वळणावर बाहेरून पुढे जायला बघतो, व्हर्स्टापेन आतून इतका रुंद जातो की दोघंही ट्रॅकबाहेर. पंचांनी चौकशीच नको म्हटलं. आता हे बचाव होतं की ढकलणं, हे ठरतं एका गोष्टीवर: व्हर्स्टापेननं स्टीअरिंग वळवलं होतं का? ते दिसतं त्याच्या गाडीवरच्या पुढे बघणाऱ्या कॅमेऱ्यातून. आणि तेच चित्र त्या वेळी कुणाकडे नव्हतं, पंचांकडेही नाही. गाडीवर कॅमेरे अनेक असतात, पण प्रत्येकाचं चित्र एकाच वेळी लाइव्ह बाहेर पडत नाही. बाकीचं शर्यतीनंतर उतरवून घेतात. ते फुटेज मंगळवारी बाहेर आलं. मर्सिडीजनं फेरविचार मागितला, तो फेटाळला गेला. पण चाहत्यांच्या हाती तोवर ते आठ-दहा सेकंद लागले होते. आमच्या पुतण्यानं ते फ्रेम-फ्रेम करून बघितले. स्टीअरिंगवरचे हात, पुढच्या चाकांचा कोन, वळणाचा आतला टोकाचा बिंदू कधी मागे पडला. ‘काका, बघा, हात सरळच आहेत,’ म्हणून मोबाइल माझ्या नाकाशी धरला. यजमानांनी तेच फुटेज बघून सांगितलं, त्या वेगात कुणीही तेवढाच रुंद गेला असता. हॅमिल्टन ती शर्यत अखेर जिंकला, म्हणून प्रकरण निवलं. नाहीतर तो वाद वर्षभर चालला असता.

मग रेडिओ. चालक आणि त्याचा इंजिनिअर यांचं बोलणं आपण टीव्हीवर ऐकतो, ते निवडलेलं आणि जरा उशिरानं लावलेलं असतं. आपल्याला वाटतं तो आत्ता ओरडला. तो ओरडून एखादं वळण होऊन गेलेलं असतं. २०२१ मध्ये त्यात नवीन भर पडली: संघप्रमुख आणि शर्यत संचालक मायकल मासी यांचं आपसातलं बोलणंही ऐकवायला सुरुवात झाली. टीव्हीवाला म्हणून सांगतो, हा मोह कुणालाही आवरला नसता. आतल्या खोलीतला आवाज मिळतोय म्हटल्यावर कोण सोडेल? पण ५ डिसेंबरला जेद्दामध्ये मासी रेड बुलशी बोलत होते, कुठल्या जागेवरून पुन्हा सुरुवात करायची ते चक्क ठरवत होते. यजमानांच्या सौ. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, ‘हे तर मंडईत मेथीची जुडी घेतल्यासारखं चाललंय.’ सबंध हंगामावरचं इतकं नेमकं मत मी कुठं वाचलं नाही.

आठवड्याभरात अबुधाबी, हंगामातली शेवटची शर्यत. दोघांचेही ३६९.५ गुण. तो अर्धा गुण आला बेल्जियममधून, स्पातल्या पावसामुळे. त्याबद्दलही एक सांगायलाच हवं. २९ ऑगस्टला आम्ही साडेसहाला बसलो आणि सव्वादहाच्या सुमारास उठलो. मधे जी ‘शर्यत’ झाली ती सगळ्यांना सावकाश चालवणाऱ्या सेफ्टी कारच्या मागे दोन-तीन फेऱ्यांची. गुण अर्धे वाटले. ट्रॅकवरच्या लोकांनी तासन् तास पाऊस अंगावर घेतला आणि एकही ओव्हरटेक पाहिला नाही. टीव्हीनं मात्र त्या दिवशी कमाल केली, असं मी म्हणेन. शर्यत नसताना तास-तास चालवायचे म्हणजे काय, हे पॅनलवर बसणाऱ्यालाच कळतं. ग्रिडकडे जाताना सर्जिओ पेरेझनं गाडी ठोकली होती. ती रेड बुलच्या मेकॅनिकांनी पुन्हा उभी केली, ते दाखवलं. रेनकोटातले चेहरे, कंटाळलेले चालक, आभाळाकडे बघणारे अधिकारी. बँकवाले म्हणतात तो दिवस म्हणजे फसवणूक. मान्य, पण ती नियमांची. पुढच्या वर्षी गुणांचे नियम बदलले, सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्याशिवाय गुण नाहीत.

१२ डिसेंबर. अठ्ठावन्नपैकी त्रेपन्नावी फेरी, हॅमिल्टन आरामात पुढे. निकोलस लॅटिफी भिंतीला धडकला, सेफ्टी कार आली. सेफ्टी कार आली की सगळ्यांना तिच्यामागे रांगेनं, सावकाश चालावं लागतं. कमावलेली आघाडी पुसली जाते. व्हर्स्टापेननं पिटमध्ये जाऊन नवे सॉफ्ट टायर घातले. हॅमिल्टन गेला असता तर पहिली जागा गेली असती, म्हणून तो चाळिसाहून जास्त फेऱ्या झिजलेल्या हार्ड टायरवर राहिला. दोघांच्या मधे एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. मासींनी आधी कुणालाच पुढे जाऊ द्यायचं नाही म्हटलं, मग फक्त त्या पाचांना सोडलं, बाकीच्या तशाच ठेवल्या, आणि शेवटच्या एका फेरीसाठी शर्यत मोकळी केली. पाचव्या वळणावर व्हर्स्टापेन आत घुसला. संपलं. आणि हे सगळं चालू असताना दोन्ही संघप्रमुख मासींच्या कानात बोलताहेत, तेही आपण ऐकतोय. एकाला फक्त एक फेरी हवी, दुसरा नाही-नाही म्हणतोय.

पुतण्या त्या रात्री जेवला नाही. यजमानांनी पेढे वाटले. मर्सिडीजच्या तक्रारी फेटाळल्या गेल्या, अपिलाचा विचार त्यांनी चार दिवसांनी सोडला. फेब्रुवारीत मासींना पदावरून हलवलं आणि संघप्रमुखांचं ते थेट बोलणं टीव्हीवरून बंद झालं. मार्चमध्ये अहवाल आला, मानवी चूक, हेतू शुद्ध. माझं मत विचाराल तर निर्णय वाईट होता आणि विजेता लायक होता, दोन्ही एकदम खरं असू शकतं. हे बोललो की मात्र दोघंही माझ्यावर उलटतात.

रेडिओ बंद केल्याचं मला वाईट वाटतं. दबाव तर आधीही होताच. आपल्याला ऐकू येत नव्हता इतकंच.

आपल्याकडे आणखी एक जाच होता, जाहिरातींचा. मी ज्या काळात बघायला लागलो तेव्हा शर्यत चालू असतानाच वाहिनी मधेच सिमेंट दाखवायची, आणि परत येईपर्यंत कुणीतरी भिंतीत गेलेलं असायचं. तरी आम्ही बघायचो. २००५ मध्ये इंडियानापोलिसला टायरच्या भांडणामुळे फक्त सहाच गाड्या धावल्या आणि नारायण कार्तिकेयन चौथा आला, भारताचे पहिले गुण. बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन शर्यती झाल्या आणि तिन्ही व्हेटेलनं जिंकल्या. मग टीव्हीवरूनच शर्यत गेली. २०२३ मध्ये एफ वन टीव्हीचं वर्गणीचं अ‍ॅप, २०२४ पासून फॅनकोड.

दिग्दर्शकावरचा राग काही कमी झालेला नाही. २०२५ च्या सिंगापूरमध्ये हॅमिल्टनचे ब्रेक जवळजवळ गेले होते आणि अलॉन्सो फेरीगणिक सेकंदांमागून सेकंद खात त्याच्या मागे लागला होता. त्या पाठलागाचा बराचसा भाग पडद्यावर आलाच नाही. शर्यतीनंतर कार्लोस साइन्झनं जाहीरपणे तक्रार केली की चालकांच्या मैत्रिणी आणि नामवंत पाहुणे दाखवण्याचा अतिरेक होतोय. चालकानंच म्हटल्यावर आमच्या बैठकीत टाळ्या पडल्या. मी तेवढं सांगितलं की रिअ‍ॅक्शन शॉट हा पॅनलवरचा सगळ्यांत सुरक्षित शॉट असतो. चेहरा हलत नाही, फोकस जात नाही, आणि वरून कुणी ओरडत नाही. म्हणून तो घेतला जातो, आणि म्हणूनच तो कमी घ्यायला हवा. नवख्या प्रेक्षकाला एक युक्ती मात्र सांगून ठेवतो: डावीकडची क्रमवारीची पट्टी सोडू नका. दोन नावांमधलं अंतर दर फेरीला घटतंय, तिथंच पुढचा खेळ शिजतोय, चित्रात काहीही असो. आणि एकाच रंगाच्या दोन गाड्या ओळखायच्या त्या चालकाच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यावरून; एकीचा काळा असतो, दुसरीचा पिवळा.

कॅमेरा प्रेक्षकानंच निवडावा, हा विचार तसा जुना. फॉर्म्युला वनचा तेव्हाचा सर्वेसर्वा बर्नी एकलस्टननं १९९६ मध्ये डिजिटल वाहिनी काढली होती, पैसे भरा आणि ऑनबोर्ड म्हणजे गाडीवरचा कॅमेरा, पिट, मागच्या गाड्या, हवं ते बघा. पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत, २००२ नंतर ती बंद झाली. वीस वर्षांनी तेच आपल्याकडे अ‍ॅपवर आलं. २०२३ मध्ये पुतण्यानं वर्गणी भरली. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर मुख्य चित्र, लॅपटॉपवर हॅमिल्टनचा ऑनबोर्ड, टॅबवर वेळांचे आकडे. वीसही गाड्या त्याच्या बोटाशी. तरी डोळे मोठ्या पडद्यावरच, आणि तिथं चुकीचा कट पडला की शिव्या पहिल्यासारख्याच. मी म्हटलं, अरे, तुला हवी ती गाडी घे ना लॅपटॉपवर.

‘घेईन हो काका,’ तो म्हणाला, ‘पण कुठली घ्यायची ते आधी यानं दाखवायला नको?’