रक्ताची गुठळी रोखणारी औषधे : उपयोग आणि मर्यादा

मुंबई उपनगरातील वांद्रे, खार, सांताक्रूझ हा भाग महानगरपालिकेच्या एच विभागात मोडतो. या विभागातील सुमारे दीड लाख लोकवस्तीची २००५ व २००६ या दोन वर्षांत पद्धतशीर पाहणी करण्यात आली. ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. पी. एम. दलाल व त्यांचे सहकारी यांनी पक्षाघाताच्या प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद घेतली. दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ व्यक्तींना पक्षाघाताचा पहिला झटका आला आणि त्यांपैकी जवळजवळ ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले, असे या पाहणीत दिसून आले. सुमारे ८० टक्के रुग्णांत मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाला होता, तर सुमारे १८ टक्के रुग्णांत मेंदूत रक्तस्राव झाला होता. या दोन आकड्यांतील भेद ध्यानात ठेवला, म्हणजे प्रस्तुत लेखाचा विषय समजणे सुलभ होईल.

रक्तपट्टिकांचे कार्य

रक्तात तांबड्या व पांढऱ्या पेशींखेरीज अतिसूक्ष्म अशा रक्तपट्टिका असतात. सर्वसामान्य जन आता त्यांना प्लेटलेट या नावानेच ओळखतात. एका घनमिलीमीटर रक्तात त्यांची संख्या दीड ते साडेचार लाख असते व त्यांचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते. इटालियन शास्त्रज्ञ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये त्यांचे कार्य प्रथम विशद केले.

विळीने बोट कापले की या पट्टिका जखमेच्या कडेला चिकटतात, रासायनिक संदेश सोडून इतर पट्टिकांना बोलावतात आणि परस्परांत गुंतून छिद्र बुजवितात. हे कार्य जीवरक्षक होय. परंतु मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू व वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे रोहिणीच्या आतील अस्तराखाली मेदाचे थर साचतात. असा एखादा थर फुटला, की पट्टिका त्यालाही जखमच समजतात. तेथे गुठळी धरते व वाट बंद होते. हृदयाच्या रोहिणीत असे घडले तर हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूच्या रोहिणीत घडले तर पक्षाघात होतो.

औषधे कशी कार्य करतात

ॲस्पिरिन हे या वर्गातील सर्वांत जुने औषध. १८९७ मध्ये ते शुद्ध स्वरूपात तयार झाले आणि पाऊणशे वर्षे केवळ ताप व वेदना यांवरच वापरले गेले. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये त्याच्या कार्याचे रहस्य उलगडले, त्याबद्दल त्यांना १९८२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पट्टिका थ्रॉम्बॉक्सेन नावाचे द्रव्य सोडून इतर पट्टिकांना हाक देतात. हे द्रव्य तयार करणारे विकर ॲस्पिरिन कायमचे निकामी करते. पट्टिकेत केंद्रक नसल्यामुळे ती ते विकर पुन्हा निर्माण करू शकत नाही. म्हणूनच अल्प मात्रेची एक गोळी दिवसभर पुरते आणि औषध थांबविल्यावरही त्याचा परिणाम कित्येक दिवस टिकतो.

क्लोपिडोग्रेलचा मार्ग वेगळा आहे. एडीपी नावाचा दुसरा संदेश पट्टिकेवरील ज्या ग्राहीवर पोहोचतो, ती ग्राहीच हे औषध अडविते. मात्र यकृतात रूपांतर झाल्यावरच ते कार्यक्षम होते. काही व्यक्तींत आनुवंशिक कारणांमुळे हे रूपांतर अपुरे होते. अशा वेळी डॉक्टर टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांचा विचार करतात. या औषधांना व्यवहारात ‘रक्त पातळ करणारी’ म्हटले जाते. वस्तुतः रक्त पातळ होत नाही, पट्टिकांचे एकत्र येणे तेवढे मंदावते.

हृदयविकारात उपयोग

१७ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. झटक्यानंतर महिनाभर ॲस्पिरिन दिल्याने दर हजार रुग्णांमागे सुमारे २४ मृत्यू टळले. त्यामुळे छातीत दाटून येणारी कळ, घाम, डाव्या हातात वा जबड्यात जाणारी वेदना अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा विकार नसल्यास डॉक्टरांच्या सूचनेनुसार सुमारे ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खाण्यास देतात. चावल्याने ते त्वरित रक्तात मिसळते.

अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसविल्यावर दोन औषधे एकत्र, सामान्यतः सहा ते बारा महिने, द्यावी लागतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेक गरजू कुटुंबांना ही शस्त्रक्रिया शक्य झाली आहे. तथापि ‘आता बरे वाटते’ म्हणून किंवा दात काढावयाचा म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. हृदयरोगतज्ज्ञांस विचारल्यावाचून एकही दिवस खंड पडू देऊ नये.

पक्षाघात : आधी तपासणी, मग गोळी

येथे मात्र नियम उलटा आहे. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे ही लक्षणे गुठळीनेही उद्भवतात व रक्तस्रावानेही. बाहेरून पाहून त्यांतील भेद डॉक्टरांनाही सांगता येत नाही, त्यासाठी सीटी स्कॅनच आवश्यक असतो. एच विभागातील पाहणीनुसार जवळजवळ दर पाच-सहा रुग्णांमागे एकाच्या मेंदूत रक्तस्राव होता. अशा रुग्णाला घरी ॲस्पिरिन देणे म्हणजे रक्तस्रावाला हातभार लावणे होय. शिवाय गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. यास्तव घरगुती उपायांत वेळ न दवडता सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रक्तस्राव नाही हे निश्चित झाल्यावर ही औषधे पुढील झटका टाळण्यास मोलाची ठरतात.

पावसाळ्यातील सावधगिरी

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण आढळतात. या रोगात पट्टिकांची संख्या घटते. अशा वेळी तापावर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेणे धोक्याचे असते, पॅरासिटामॉल हेच योग्य. जो हृदयरोगी नित्य ॲस्पिरिन घेतो, त्याने ताप येताच डॉक्टरांना तसे सांगावे. सोळा वर्षांखालील मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नये.

निरोगी माणसाने ही गोळी घ्यावी काय?

शेजाऱ्याला दिली म्हणून आपणही घ्यावी, ही समजूत चुकीची आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत, पूर्वी झटका न आलेल्या व्यक्तींना ॲस्पिरिनचा लाभ अत्यल्प व रक्तस्रावाचा धोका अधिक असल्याचे दिसले. काळी शौच, रक्ताची उलटी वा न थांबणारा रक्तस्राव ही धोक्याची चिन्हे होत.

ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही दोन्ही औषधे राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीत असून जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळतात. उणीव आहे ती माहितीची. आपल्या वस्तीपासून, गावापासून सर्वांत जवळचे, रात्रंदिवस सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय कोणते, हे शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवले तरी पुष्कळ साधेल. त्याखाली दोनच ओळी असाव्यात : छातीत कळ आल्यास तत्काळ १०८ आणि डॉक्टरांच्या सूचनेने ॲस्पिरिन, तोंड वाकडे झाल्यास तत्काळ १०८ आणि गोळी मुळीच नाही.