लाडबोरीत पडलेलं कडं

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठचा सुमार. जळगावपासून नागपूरपर्यंत लोक अंगणात, गच्चीवर थबकले. जळत्या ठिणग्यांची एक लांबलचक रांग आभाळातून पूर्वेकडे सरकत होती. कुणाला ती उल्का वाटली, कुणाला पेटलेलं विमान. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, लाडबोरी गावात धातूचं एक अवाढव्य कडं येऊन पडलं. व्यास सुमारे तीन मीटर! जवळच्या पवनपारला धातूचा एक गोळाही सापडला. कुणाला इजा झाली नाही, हे केवढं भाग्य.

ते अवशेष कसले, याचा अंदाज काही तासांतच आला. अंतराळ उड्डाणांची बारकाईनं नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं की फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या ‘चांग चंग ३बी’ रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा. त्याच सुमारास तो वातावरणात शिरणं अपेक्षित होतं आणि त्याचा मार्गही जुळत होता. म्हणजे उपग्रह सोडून रिकामं झालेलं ते धूड जवळजवळ चौदा महिने पृथ्वीभोवती फिरत होतं आणि कुणीतरी त्याच्यावर लक्ष ठेवून होतं.

अशा टप्प्यांची कक्षा फार लांबट असते. एक टोक पृथ्वीपासून जेमतेम दोनशे किलोमीटरवर, दुसरं पस्तीस हजारांच्या पलीकडे. जवळच्या टोकाला प्रत्येक फेरीत विरळ हवेचं घर्षण होतं, आणि गंमत अशी की त्यामुळे खाली येतं ते दूरचं टोक. त्यात सूर्य-चंद्राची ओढ जवळचं टोक कधी उचलते, कधी दाबते. सूर्य खवळला की वरचं वातावरण तापून फुगतं आणि घर्षण वाढतं. धूड कोलांट्या खात असेल तर हवेला क्षणाक्षणाला त्याची वेगळी बाजू भिडते. हे सगळं गणितात धरूनही, धूड कधी कोसळेल हे सांगताना उरलेल्या वेळाच्या साधारण वीस टक्के चूक गृहीत धरतात. पाच तास उरले असतील तर चूक तासाभराची. आणि तासाभरात ते सत्तावीस हजार किलोमीटर जातं! एका मिनिटाची चूकही साडेचारशे किलोमीटरची, म्हणजे जळगाव ते सिंदेवाही.

ऐंशी किलोमीटरच्या आसपास अशा वस्तूचे तुकडे होतात. बरेचसे जळून जातात. रॉकेटमधल्या, दाबाखालचा वायू साठवणाऱ्या गोल टाक्या मात्र वाचतात. त्या पोकळ नि हलक्या असल्यामुळे त्यांचा वेग उंचावरच मोडतो, आणि टायटॅनियमसारखा धातू वितळायला सोळाशे अंशांहून जास्त तापमान लागतं.

पण हे झालं मोठ्या वस्तूंचं. जवळच्या कक्षांमधल्या, साधारण दहा सेंटिमीटरहून मोठ्या तुकड्यांचा रडारनं एकेक करून माग काढता येतो. त्याहून लहान कसे मोजायचे? इथे मला ताडोबा आठवतो. तिथे वाघ मोजताना जंगलाचा प्रत्येक कोपरा पालथा घालत नाहीत. ठरावीक जागी कॅमेरे लावतात, समोरून कोण जातं ते टिपतात आणि न दिसलेल्यांचा अंदाज बांधतात. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनचं रडार असंच आकाशातल्या एका दिशेला रोखून ठेवतात. झोतातून जाणारा दोन-तीन मिलिमीटरचा कणसुद्धा ते टिपतं. मग गणिती प्रतिरूपं पुढे येतात, नासाचं ‘ऑर्डेम’ आणि युरोपीय अंतराळ संस्थेचं ‘मास्टर’. २००७ मध्ये चीननं स्वतःचा हवामान उपग्रह क्षेपणास्त्रानं फोडला, २००९ मध्ये ‘इरिडियम’ आणि ‘कॉसमॉस’ हे दोन उपग्रह धडकले. अशा प्रत्येक घटनेतून किती तुकडे, किती वेगानं, कुठे पांगले हे ही प्रतिरूपं संगणकात पुन्हा घडवतात आणि रडारच्या मोजणीशी ताडून पाहतात. युरोपीय संस्थेच्या अंदाजानुसार एक ते दहा सेंटिमीटरचे सुमारे १२ लाख तुकडे वर आहेत, एक मिलिमीटर ते एक सेंटिमीटरचे सुमारे १३ कोटी.

त्याहूनही बारीक कणांसाठी तर अंतराळातून परत आणलेल्या वस्तूंचे पृष्ठभाग तपासतात. १९८४ मध्ये सोडलेली बसएवढी ‘एलडेफ’ ही प्रयोगपेटी १९९० मध्ये नासाच्या ‘स्पेस शटल’ यानानं खाली आणली, तेव्हा तिच्यावर आघातांचे हजारो खळगे होते. खळग्यात अॅल्युमिनियम किंवा रंगाचे अवशेष मिळाले तर तो माणसाचा कचरा, दगडाची खनिजं मिळाली तर उल्काकण. केवढा सुंदर पुरावा!

२०११ मध्ये शटल थांबलं आणि असे पृष्ठभाग हाती येणं जवळजवळ बंद झालं. साधारण सहाशे किलोमीटरच्या वर, जिथे पृथ्वीचं निरीक्षण करणारे कितीतरी उपग्रह फिरतात, तिथल्या मिलिमीटरभर कणांची थेट मोजणी आज फारशी कुणाकडे नाही. आणि उपग्रह निकामी करण्याचा सर्वात मोठा धोका याच कणांकडून आहे.