‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो तेव्हा: अस्थिर आवृत्त्या कशासाठी वापरायच्या

माझ्या पीएच.डी.च्या कामात ‘अस्थिर आवृत्ती’ हा शब्द सारखा येतो. तो ऐकला की समोरचा हमखास विचारतो: जे अजून नीट चालत नाही, ते मुद्दाम कशाला वापरायचं? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी एक शब्द घेऊ.

आपल्याकडे धडगाव-अक्कलकुव्याला सातपुड्याच्या दऱ्या आहेत, आणि मुंबईला दर्या. उच्चारात फरक बारीक, अर्थात डोंगर आणि समुद्राइतका. तसंच आचाऱ्याला बोलावलं तर जेवण मिळतं, आचार्याला बोलावलं तर प्रवचन. हा आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही. मराठी, कोकणी, नेपाळी अशा थोड्याच भाषांना त्याची गरज पडते. म्हणजे एखाद्या प्रोग्रॅममध्ये तो बिघडला, तर देवनागरी उत्तम वाचता येणाऱ्या हिंदी माणसालाही काही खटकेलच असं नाही.

संगणकाच्या पोटात तो दोन प्रकारे लिहिला जातो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि पुढचं अक्षर. दुसरा जुना प्रकार म्हणजे साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह. युनिकोडने दुसरा प्रकार जुन्या मजकुरासाठी चालू ठेवला आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना प्रोग्रॅमने ही खबरदारी घेतलेली नसेल तर एक ‘दऱ्या’ दुसऱ्या ‘दऱ्या’ला ओळखत नाही. आणि ते अदृश्य चिन्ह वाटेत कुठे गळलं, की दऱ्याचा सरळ दर्या होतो.

आता तुम्ही म्हणाल, हे तपासायला यंत्रं नाहीत का? आहेत, आणि चांगली आहेत. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत अक्षरांची जुळणी हार्फबझ नावाचं एकच मुक्त सॉफ्टवेअर करतं. ते घडत असताना विकिपीडियातले देवनागरीचे सात लाखांहून जास्त शब्द त्यातून काढून मायक्रोसॉफ्टच्या जुळणीशी ताडून पाहिले गेले. जवळजवळ सगळे जुळले. पण ही चाचणी सुट्या शब्दांची. शब्दाचा अर्धा भाग रंगवला, ओळ मध्येच तुटली, पीडीएफ करून त्यातून मजकूर कॉपी केला, तर काय होईल हे तिच्यात येत नाही. तिथे वाचणारा माणूसच लागतो.

आणि तो वेळेत लागतो. लिबरऑफिसच्या 5.3 या आवृत्तीत, म्हणजे 2017 च्या फेब्रुवारीत, सर्व प्रणालींवरची अक्षरजुळणी एकदम हार्फबझकडे आली. असा मोठा बदल लोकांच्या हाती जाण्याआधी अल्फा, बीटा, मग अंतिम उमेदवार अशा पायऱ्यांतून जातो, आणि रोजच्या रोज तयार होणाऱ्या आवृत्त्याही कुणालाही उतरवता येतात. त्या काळात मराठी वाचणारं कुणीच ती वापरत नसेल, तर मराठीतली चूक सगळ्या पायऱ्या उतरून थेट ग्रामपंचायतीच्या दाखल्यापर्यंत पोचते. मग दुरुस्तीला पुढची आवृत्ती, आणि ऑफिसात ती कधी बसणार ते देवाला ठाऊक.

लवकर सापडलेली चूक स्वस्तात का सुटते, हे समजायला शेतातली पाइपलाइन डोळ्यांसमोर आणा. लांब पाइपात कुठेतरी गळती आहे. तुम्ही टोकापासून खणत जात नाही. मधला व्हॉल्व्ह बंद करून गळती अलीकडे की पलीकडे ते बघता, मग उरलेल्या भागाचा मध्य. सॉफ्टवेअरमध्येही हेच करतात. जुन्या आवृत्तीत ‘दऱ्या’ नीट दिसत होतं, नवीनमध्ये नाही, आणि मध्ये हजार बदल झालेत, तर दहा वेळा अर्धं करून नेमका बदल हाती लागतो. लिबरऑफिसने यासाठी तयार आवृत्त्यांचे साठेच ठेवलेत, त्यामुळे प्रोग्रॅमिंग न येणाराही हे करू शकतो. (साठा कित्येक जीबींचा असतो. इथे चिंचपाड्यात मी तो रात्री लावून झोपते.) कालचीच आवृत्ती वापरणाऱ्याला मात्र शोधायला फक्त कालचे बदल असतात.

नेमकेपणा किती कामाला येतो, ते 2024 मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. आंद्रेस फ्रॉइंड हा डेबियनची अस्थिर आवृत्ती वापरत होता. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं. माग काढत गेल्यावर एक्सझेड या साध्या, सगळीकडे असणाऱ्या घटकात मुद्दाम ठेवलेलं चोरदार निघालं. 29 मार्चला त्याने ते जाहीर केलं, तेव्हा ते बहुतेक स्थिर आवृत्त्यांपर्यंत पोचलेलंच नव्हतं.

वापरून पाहायचं असेल तर आपला प्रबंध, दुकानाचा हिशेब, परीक्षेचे अर्ज अशा आवृत्तीत उघडायचेच नाहीत, निदान मूळ फाइल तरी नाही. फायरफॉक्स नाइटली आणि लिबरऑफिसची विकास-आवृत्ती नेहमीच्या प्रोग्रॅमशेजारी वेगळी बसते, तेव्हा आहे ते काढायची गरज नाही. डेबियनची अस्थिर शाखा म्हणजे अख्खी प्रणाली; घरात एकच लॅपटॉप असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

चूक दिसली की ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढंच लिहून भागत नाही. आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, कुठला फॉन्ट, काय दाबलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, आणि एकाच शब्दाची छोटी फाइल द्या. वाचणारा कदाचित बर्लिनचा असेल. त्याला दोन्ही रूपांची चित्रं शेजारी ठेवून सांगा की हा समुद्र आणि हे डोंगर. इंग्रजी साधं असलं तरी चालतं.

स्वतःला काही सापडलं नाही तरी काम आहे. लिबरऑफिसकडे आलेली तक्रार दुसऱ्या कुणीतरी करून पाहीपर्यंत ‘अपुष्ट’ म्हणून पडून राहते. तिथे जाऊन मराठीच्या जुन्या तक्रारी शोधा, आजच्या आवृत्तीत तेच करून बघा, आणि होतंय की नाही ते क्रमांकासह लिहा. पंधरा मिनिटं लागतात. शोधताना ‘मराठी’बरोबर ‘देवनागरी’ हा शब्दही टाका, कारण बऱ्याच जणांनी भाषेचं नाव लिहिलेलंच नसतं.