पिल्लांची विक्री आणि सरकारी अनुदान

बंगळूरच्या जे. पी. नगरात राहणाऱ्या एखाद्या गृहिणीने हौसेने पाळलेल्या कुत्रीची पिल्ले विकली, तर त्या प्राप्तीची गणना कोणत्या सदरात करावी, या प्रश्नाचे उत्तर संदिग्ध नाही : पशुपैदास ही शेती नव्हे, म्हणून शेतीच्या उत्पन्नास असलेली करमाफी तीस लागू होत नाही, आणि नियमित विक्रीचा नफा व्यवसायाचे उत्पन्न म्हणूनच दाखवावा लागतो.

गृहलक्ष्मी : ३० ऑगस्ट २०२३ रोजी म्हैसूर येथे आरंभ झालेल्या या योजनेत कुटुंबप्रमुख स्त्रीस दरमहा २,००० रुपये मिळतात, मात्र ती वा तिचा पती आयकर भरत असल्यास, अथवा वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र देत असल्यास, तो हक्क राहत नाही.

शिधापत्रिका : दारिद्र्यरेषेखालील पत्रिकेसाठी कर्नाटकात कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख २० हजार रुपये असल्याने, विक्रीची प्राप्ती हिशेबात धरूनच उत्पन्नाचा दाखला मागणे इष्ट.

नोंदणी : २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदासकाराने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक असून, आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे; शिवाय विक्रीचे दप्तर ठेवावे लागते, सबब तेच उत्पन्नाचाही पुरावा ठरते.