आकाशातून येणारा शब्द

वाशीम हे मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ४७० किलोमीटर दूर आहे. १९४२ साली ते अकोला जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव होते. वाशीम जिल्हा निराळा झाला तो १९९८ साली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘भारत छोडो’ आंदोलन सुरू झाले, पुढारी तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले. विदर्भातच आष्टी व चिमूर येथे लोकांनी उठाव केला आणि सरकारने तेथे मोठा जुलूम केला. परंतु त्याची खरी हकीकत विदर्भातील इतर गावांनाही कळणे कठीण होते.

ती हकीकत सांगितली मुंबईतील एका गुप्त नभोवाणीने. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी २७ ऑगस्ट १९४२ पासून ४२.३४ मीटर लांबीच्या लहरींवर ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. अशा लघुलहरी जमिनीलगत फार दूर जात नाहीत. मात्र ज्या आकाशाकडे जातात, त्यांना सुमारे शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवरील विद्युत्‌भारित थर वळवून पुन्हा पृथ्वीकडे धाडतात. म्हणून मुंबईचा शब्द डोंगर ओलांडून वऱ्हाडात उतरू शकतो.

लहर उतरली म्हणजे ऐकू आलीच असे मात्र नव्हे. रेडिओच्या तारेवर शेकडो केंद्रांच्या लहरी आणि दूरच्या विजांची खरखर एकाच वेळी येऊन पडतात. नुसता आवाज वाढविला तर खरखरही वाढेल! आधी निवड करावयाची आणि मग वाढ, हेच चांगल्या ग्राहकयंत्राचे खरे काम होय.

त्या काळी ही दोन्ही कामे निर्वात नळ्या करीत. दुरुस्ती करणारे त्यांना ‘व्हॉल्व्ह’ म्हणत. काचेच्या नळीतील हवा काढून घेतलेली असे. आत एक भाग तापून लाल होई व त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन समोरच्या पत्र्याकडे धावत. वाटेत तारेची जाळी असे. पाटाचे पाणी वळविणारा शेतकरी चार बोटे माती इकडची तिकडे सारतो आणि सबंध प्रवाह कमी-अधिक होतो. तसेच जाळीवरील अगदी क्षीण विद्युत्‌दाबाने पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह कमी-अधिक होई.

निवडीची युक्ती याहून सुंदर आहे. ४२.३४ मीटरची लहर सेकंदाला सुमारे ७०,८५,००० आवर्तने करते. यंत्रातील एक नळी स्वतःच ७५,४०,००० आवर्तनांची लहर निर्माण करते. दोन्ही लहरी एकत्र मिसळल्या की त्यांच्या फरकाची, म्हणजे ४,५५,००० आवर्तनांची, नवी लहर मिळते. केंद्र बदलले तर आतली लहरही बदलावयाची. फरक तेवढाच राहतो. मग एकाच मापाची बारीक चाळणी सर्व केंद्रांना पुरते आणि शेजारची केंद्रे बाहेर राहतात.

घरगुती संचात अशा चार-पाच नळ्या पुरत. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी वापरलेल्या अमेरिकी ‘एचआरओ’ यंत्रात ९, तर ‘एआर-८८’ मध्ये १४ नळ्या होत्या. जितक्या पायऱ्या अधिक, तितका क्षीण शब्दही हाती लागे.

पण आकाशातील लहर मित्र आणि शत्रू ओळखीत नाही. जो शब्द लोकांच्या घरी उतरे, तोच पोलिसांच्या यंत्रांतही उतरत होता. ते रोज ऐकत, लिहून घेत आणि लहर कोठून निघते याचा माग काढीत. म्हणून क्रांतिकारक वारंवार जागा बदलीत. शेवटी फितुरी आडवी आली. प्रक्षेपणाचा संच बनविण्यास ज्याने साहाय्य केले होते, त्याच तंत्रज्ञाकडून पोलिसांना माहिती मिळाली आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी उषा मेहता पकडल्या गेल्या. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. खटल्यात पुरावा म्हणून पोलिसांची टिपणे मांडण्यात आली. काँग्रेस रेडिओवर कोणते शब्द उच्चारले गेले, हे आज पुष्कळसे वाचावयास मिळते, ते त्या टिपणांमुळेच.