पोट, परवाना आणि मेहरूणचा फेरा

माझं पोट सुटल्याची बातमी मला प्रथम आमच्या शिंप्यानं दिली. टेप दोनदा लावून तो हळूच म्हणाला, "नाना, यंदा कापड थोडं जास्त लागेल." कंबर भरली चाळीस इंच! आपल्याकडच्या पुरुषानं नव्वद सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत राहावं, असं वैद्यकशास्त्र म्हणतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे मेहरूण तलावाच्या काठानं तासभर चालू लागलो. घरी हिनंही कंबर कसली. शेवभाजीवरची तर्री गेली. वांग्याच्या भरताला तेल चमच्यानं मोजून पडू लागलं. आणि जळगावच्या घरात भरताचं तेल मोजणं म्हणजे काय, ते खानदेशी वाचकांना सांगायला नको.

तीन महिने झाले. पोट जागचं हललं नाही. "माझ्याच हाताला तेल जास्त," म्हणून ही खंत करू लागली. मी गप्प. कारण आठवड्यातून तीन संध्याकाळी मी मित्राच्या गच्चीवर दोन दोन पेले घेत होतो, आणि घरी 'पत्त्यांचा डाव' म्हणून सांगत होतो.

व्हिस्कीत ना तूप, ना साखर, अशी मी मनाची समजूत घातली होती. शिवाय खिशात सरकारी परवाना! १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि त्याखालचा परवाना मिळतो तो 'प्रकृती राखण्यासाठी'. सरकारच तसं म्हणतंय, तर माझ्यासारख्यानं का शंका काढावी?

शंका काढली ती डॉक्टरांनी. सोनोग्राफीत माझ्या यकृतात चरबी दिसली. "नाना, किती घेता?" त्यांनी सरळच विचारलं. मी सांगितलं, अर्थात एक पेला कमी करून. त्यांनी तो हिशेबात परत धरला.

साठ मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे वीस ग्रॅम मद्यार्क. ग्रॅमला सात कॅलरी. साखरेच्या चार, तेलातुपाच्या नऊ. म्हणजे दोन पेल्यांच्या पावणेतीनशेच्या वर, आणि तासभर चालून खर्च होतात साधारण तेवढ्याच. सोबतचे खारे दाणे नि भजी वेगळी.

"पण खरी गंमत पुढेच आहे," डॉक्टर म्हणाले. "सावद्याच्या स्टेशनावर केळीचा माल कसा चढवायचे? केळी नासणारी, म्हणून ती आधी. कापसाच्या गाठी राहू देत पडून. यकृताचं तसंच. दारू शरीराला साठवता येत नाही, म्हणून ती आधी जाळायची. चरबीच्या गाठी राहतात पोटावर." १९९२ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी निरोगी पुरुषांना भरपूर दारू देऊन मोजमाप केलं, तेव्हा दिवसभरात चरबी जळण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं उतरलं होतं.

त्यातून आपण भारतीय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा नि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच; पण इंग्रजाच्या अंगात चरबी नऊ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात एकवीस! हातपाय काटक्यांसारखे नि आत पोटात लोणी, ही आपली तऱ्हा. माझीच तसबीर, म्हणा ना!

त्या रात्री मी हिला सारं सांगितलं. माझी तयारी भांडणाची होती. ही बराच वेळ ताटातली भाकरी मोडत बसली.

"गच्चीचं मला ठाऊक होतं," शेवटी ती म्हणाली. "बडीशेप काय उगाच खात होतात? पण अहो, तीन महिने माझं भरत कोरडं केलंत, आणि मी आपली माझ्या हाताला दोष देत बसले."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

परवाना आता ट्रंकेत आहे. मेहरूणचा फेरा चालू आहे. चार महिन्यांत टेप दीड इंच मागे आली. शिंप्याला मीच जाऊन दाखवली. त्या रविवारी शेवभाजीवर तर्री होती. पातळशी, पण होती.