बारा किल्ले आणि पाठ केलेले पाच हजार प्रश्न

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून एक वाक्य सारखं ऐकू येतं: ‘चालू घडामोडी झाल्या, पाच हजार प्रश्न सोडवले.’ रत्नागिरीतल्या अभ्यासिकांमध्ये हा आकडा मिळालेल्या गुणांसारखा सांगितला जातो. कुणाचे तीन हजार, कुणाचे सात. मोबाइलवर पीडीएफ असते, प्रश्नाखाली ठळक अक्षरात उत्तर असतं, आणि ते उत्तर कुठून आलं याचा मागमूस नसतो. प्रश्नांची संख्या वाढली की तयारी वाढली, हा समज चुकीचा आहे. त्यापायी मन लावून अभ्यास करणारी पोरं हातचे गुण घालवतात, म्हणून त्याची चीड येते.

एकच प्रश्न नीट तपासू. ‘जागतिक वारसा यादीत महाराष्ट्रातील किती किल्ल्यांचा समावेश झाला?’ पाठ केलेलं उत्तर तत्काळ येतं: बारा. हे उत्तर चूक आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये जागतिक वारसा समितीच्या ४७व्या अधिवेशनात ‘भारतातील मराठा लष्करी स्थापत्य’ यादीत आलं. त्यात किल्ले बारा आहेत, पण महाराष्ट्रातले अकराच. बारावा जिंजी, तो तमिळनाडूत. ‘बारा किल्ले’ एवढं शीर्षक वाचून प्रश्न तयार करणाऱ्याने ‘महाराष्ट्रातील’ हा शब्द मनाने घातला, आणि पुढच्यांनी तो तसाच उतरवून घेतला.

आता याच बातमीवर आयोगाच्या धाटणीचा प्रश्न कसा येऊ शकतो ते पाहा. विधान एक: या नोंदीमुळे भारतातील वारसास्थळांच्या संख्येत बाराने भर पडली. विधान दोन: यातील सर्व किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. विधान तीन: यात रत्नागिरी जिल्ह्यातील एक किल्ला आहे. वरीलपैकी कोणते विधान बरोबर?

पहिलं चूक, कारण बारा किल्ले मिळून नोंद एकच झाली आणि भारताची संख्या ४३ वरून ४४ झाली. दुसरंही चूक. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहेत, उरलेले आठ केंद्राकडे. तिसरं बरोबर, पण इथे रत्नागिरी शहरातली मुलंसुद्धा रत्नदुर्ग धरून चालतात. यादीत आहे तो दापोली तालुक्यातला, हर्णैसमोरच्या समुद्रातला सुवर्णदुर्ग. ‘११ जुलै, पॅरिस, ४७वं अधिवेशन’ हे तिन्ही तपशील घोकलेला उमेदवार या तीन विधानांपुढे अडतो. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं त्या दिवशीचं निवेदन ज्याने एकदा शांतपणे वाचलं, त्याला ही उत्तरं त्यातच सापडतात.

पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्नांना २०० गुण आहेत आणि चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात. म्हणजे उत्तर माहीतच नसेल तर प्रश्न सोडता येतो आणि नुकसान थांबतं. चुकीचं उत्तर पाठ असेल तर मात्र तो सोडायचं मनातही येत नाही. दोन गुण मिळत नाहीत, वर अर्धा जातो. आत्मविश्वासाने केलेली ही चूक घरी आल्यावरही ध्यानात येत नाही, कारण पीडीएफमध्ये तसंच लिहिलेलं असतं!

कातळशिल्पांचंही असंच झालं आहे. ‘कोकणातील कातळशिल्पांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला’ असं कित्येकजण छातीठोकपणे सांगतात. मिळालेला नाही. २०२२ मध्ये त्यांचा समावेश तात्पुरत्या यादीत झाला. त्या यादीत नाव असल्याशिवाय नामांकन पाठवता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. मराठा किल्लेसुद्धा आधी २०२१ मध्ये तात्पुरत्या यादीत आले होते. कातळशिल्पांच्या नऊ स्थळांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. आठवं कुडोपी सिंधुदुर्गात, नववं गोव्यात. बारसूचं नाव २०२३ मध्ये रिफायनरीविरोधी आंदोलनामुळे देशभर गाजलं. त्याच सड्यावर ही शिल्पं आहेत. वारसा, पर्यावरण, उद्योग, भूगोल असं सगळं एका गावात एकत्र आलेलं असताना आपण त्यातून ‘तात्पुरती यादी – २०२२’ एवढीच ओळ काढून वहीत लिहावी, हे वाईट आहे.

मग सराव प्रश्न सोडवायचेच नाहीत का? जरूर सोडवायचे, पण वाचन झाल्यावर आणि थोडे. पन्नास सोडवा आणि प्रत्येकाचे चारही पर्याय तपासा. चुकीचा पर्याय कशामुळे चूक ठरला, हे एका वाक्यात लिहा. ते लिहिता येत नसेल तर तो प्रश्न सुटलेला नाही. त्याहून चांगलं म्हणजे बातमी वाचून स्वतः तीन विधानं तयार करणं, त्यातलं एक मुद्दाम चुकीचं. चुकीचं विधान खरं वाटेल असं लिहायला बसलात की बातमी किती समजली आहे ते लगेच कळतं. आणि आयोगाच्या मागच्या प्रश्नपत्रिका अंतिम उत्तरतालिकेसह पाहा, पहिलीसह नव्हे. हरकती आल्यावर उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘शेवटचे सहा महिने पुरतात.’ अभ्यासक्रमात राज्य, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या चालू घडामोडी एवढंच म्हटलं आहे, महिन्यांची मर्यादा घातलेली नाही.

‘हापूसचं भौगोलिक मानांकन रत्नागिरी आणि देवगडचंच.’ मनाला कितीही लागलं तरी २०१८ चं मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना आहे.

‘अभिजात दर्जा एकट्या मराठीला मिळाला.’ ३ ऑक्टोबर २०२४ च्या केंद्रीय मंत्रिमंडळाच्या निर्णयात पाली, प्राकृत, असमिया आणि बंगालीही होत्या. अभिजात भाषा त्या दिवशी सहाच्या अकरा झाल्या.

‘पुण्याला गेल्याशिवाय चालू घडामोडी होत नाहीत.’ पत्र सूचना कार्यालयाची मराठी निवेदनं आणि राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल गुहागरच्या मोबाइलवरही फुकट उघडतात.

‘पूर्वपरीक्षा झाली की हे सगळं विसरलं तरी चालतं.’ २०२५ च्या राज्यसेवेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. निबंध २५० गुणांचा, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५० गुणांचे. तिथे पर्याय नसतात, पान कोरं असतं. बारसूवर दीडशे शब्द लिहा म्हटलं, तर वहीतल्या त्या एका ओळीवर भागणार नाही.